पंगत उठेपर्यंत

म्हसरूळ, नाशिक
१२ जानेवारी २०२५

भारतराव,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंत तरी उघडा. फोनवर तुम्ही माझा नंबर बंद करून टाकलाय, स्वतःच्या बहिणीचाही. टपाल बंद करता येत नाही. म्हणून हे पत्र देवळ्याच्या घरी न पाठवता तुमच्या कांद्याच्या खळ्यावर पाठवतोय. हमालांच्या देखत तुम्ही ते फाडणार नाही, एवढं मी तुम्हाला ओळखतो.

'भारतराव' लिहिताना हात अडखळतो. आमच्या लग्नात तुम्ही माझा कान असा पिळला होतात की फेटा सुटून गळ्यात आला होता. त्या दिवसापासून तू-मी होतं. पण तुमच्या दिशाच्या लग्नापासून तुम्ही मला दाजी म्हणणं सोडलंत. तेव्हा मीही मानानं लिहितो.

कळवायचं ते असं, की तुमच्या बहिणीला, छायाला काय झालंय ते सापडलं. सिस्टेमिक स्क्लेरोसिस. मी सातवी शिकलेला माणूस, पण हे नाव आता झोपेतून उठवलं तरी बरोबर सांगतो. शरीराची राखण करणारी जी व्यवस्था असते, तीच उलटून घरच्याच माणसांवर काठी उगारते. त्यानं कातडी ताठरते, तोंड पुरतं उघडत नाही, थंड पाण्यात हात घातला की बोटं आधी पांढरी, मग निळी, मग लाल होतात. लोक इथवरच बघतात, कारण हे वरून दिसतं. आतलं दिसत नाही.

आतलं तुम्हाला कळेल असं सांगतो. गायीचं दूध काढताना आपली बोटं वरून खाली आवळत येतात ना, तशीच अन्ननलिका घासाला आवळत आवळत खाली नेते. छायाच्या अन्ननलिकेच्या खालच्या भागात हे आवळणं जवळपास थांबलंय. घास नुसता वजनानं खाली उतरतो. कोरडा असला तर मध्येच बसतो. शिवाय जठराच्या तोंडाशी जी झडप असते ती सैल पडलीय, त्यामुळे आंबट वर येतं आणि नलिका भाजत राहते. म्हणून ती इतके दिवस प्रत्येक घासावर पाणी पीत होती आणि आम्ही समजत होतो की तिला तहान फार लागते.

आता दिशाच्या लग्नाचं.

बांगड्या भरताना कासारणीनं छायाचा हात दाबून दाबून पाहिला, बांगडी चढेना. छाया म्हणाली, "राहू द्या, मला नको." मांडवात बोललं गेलं की आत्याला भावाच्या घरच्या बांगड्या चालत नाहीत. भारतराव, तिची बोटं सुजून ताठ झाली होती. मूठ मिटत नव्हती तिची.

मग विहिणींची पंगत. एका बाजूला दिशाच्या सासूबाई कलाबाई, दुसऱ्या बाजूला छाया. ताटात वरण-बट्टी. बट्टी भाजलेली, कडक, आणि वरणाचा वाढपी पुढे निघून गेलेला. तिनं दोन घास खाल्ले, तिसरा छातीत बसला. खाली जाईना, वर येईना. पाणी प्यायली तर पाणीही त्यावर थांबलं. पंगतीतून एकट्यानं उठायचं नसतं हे तिला तुम्ही-आम्ही शिकवायला हवं का? तोंडाला पदर लावून ती उठली ती मोरीकडे धावली. आणि तुम्ही मांडवाच्या दारात, पाहुण्यांच्या देखत म्हणालात, "दाजींना स्वयंपाकाची ऑर्डर दिली नाही म्हणून बहिणीनं ताट लाथाडलं."

मी आचारी आहे. दुसऱ्या आचाऱ्याच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची असली तर मी स्वतः ठेवतो, बायकोकडून ठेवून घेत नाही.

एवढंच. उत्तराची वाट बघत नाही. छाया बघते.

वाळू


म्हसरूळ
२३ मार्च २०२५

भारतराव,

उत्तर नाही आलं. मी लिहितोच.

गेल्या महिन्यात छायाच्या दोन तपासण्या झाल्या. पहिलीत नाकातून बारीक नळी अन्ननलिकेत उतरवतात आणि थोडं थोडं पाणी गिळायला लावतात. कुठल्या जागी किती जोर लागतो ते पडद्यावर रंगांत उमटतं. भाग्यश्री मॅडमनी, म्हणजे तिच्या संधिवाताच्या डॉक्टरांनी, ती रंगांची पट्टी माझ्यासमोर धरली. वरच्या बाजूला लाल-पिवळं, आणि खाली जिथं रंग हवा तिथं नुसता निळा.

मी म्हटलं, "म्हणजे खाली वीज गेलीय."

त्या म्हणाल्या, "वीज नाही, मोटरच थकलीय. ती परत आधीसारखी फिरेल असं मी तुम्हाला सांगणार नाही."

मला त्यांचं हे आवडलं. गोड बोलून वेळ मारून नेणारी माणसं मी लग्नाच्या बैठकीत पुष्कळ बघतो.

दुसरी तपासणी दुर्बिणीची. त्यात दिसलं की भाजून भाजून नलिका खालच्या टोकाशी अरुंद झालीय. मोटर थकलेली, त्यात पाइप चेपलेला. पोटाच्या डॉक्टरांनी त्याच दुर्बिणीतून एक लांबट फुगा आत नेऊन फुगवला आणि ती जागा रुंद केली. हे आणखी एकदा करावं लागेल म्हणाले. जे अरुंद झालंय ते रुंद होतं, जे थकलंय ते थकलेलं राहतं. हा फरक मी नीट समजून घेतलाय, तुम्हीही घ्या, नाहीतर लोक विचारतील आणि तुम्ही "ऑपरेशन झालं, बरी झाली" असं काहीतरी सांगाल.

बाहेर आल्यावर तिला गुंगी होती. मला म्हणाली, "फुगा काढला ना नक्की? का ठेवलाय पोटात, वाढदिवसाला?" दोन वर्षांत मी तिचा विनोद ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं पातळ खिचडीची वाटी संपवली. पाण्याचा पेला तिच्या शेजारी भरलेला तसाच होता. मी तो पेला उचलला नाही. संध्याकाळपर्यंत ओट्यावर ठेवला आणि येता-जाता बघत राहिलो.

सासूबाईंना, म्हणजे तुमच्या आईंना, सांगा. त्यांना काळजी असेल.

वाळू


म्हसरूळ
६ जुलै २०२५

भारतराव,

काल सासूबाईंचा फोन आला. शेजाऱ्याच्या फोनवरून. म्हणाल्या, "पोरीनी मोटर दुरुस्त नही व्हवाव म्हनतंस, खरं का?" मी विचारलं, मोटर दुरुस्त होणार नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं? तर गडबडल्या आणि पावसाचं बोलायला लागल्या.

सासूबाईंना अक्षरओळख नाही. तेव्हा माझी पत्रं त्यांना कुणीतरी वाचून दाखवतं. खळ्यावरून घरी नेऊन, मोठ्यानं. बरं वाटलं. आणखी काही म्हणत नाही.

ऐकणारं कुणी असेल तर सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट पलंग. आडवं झालं की आंबट वर येतं, म्हणून डोक्याकडची बाजू उंच हवी. मी आधी उशा वाढवल्या. मॅडम म्हणाल्या, "उशांनी मान आणि पोट वाकतं, उलट दाब वाढतो. पलंगच उचला." मग सुताराकडून डोक्याकडच्या दोन पायांखाली लाकडी ठोकळे करून घेतले. त्यांना वरून वाटीसारखा खळगा कोरायला लावला, म्हणजे पाय घसरत नाही. सुतार म्हणाला, विटा ठेवा की. मी म्हटलं, विटेवर पलंग ठेवून बायको झोपवत नसतात. पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं सकाळी पायथ्याशी गोळा झालेले असायचो. आता सवय झालीय. तिचा सकाळचा खोकला गेला.

दुसरी गोष्ट खाणं. इथे माझा अधिकार आहे असं मी समजत होतो. भल्या भल्या लग्नांना जेवू घालणारा मी, एका बाईला जेवू घालता येणार नाही? मऊ हवं म्हणतात ना, घे मऊ. साबुदाण्याची खिचडी केली, लोण्यासारखी. ताजा पाव आणला, बोटानं दाबला की बोट आत. दोन्ही अडकले. ती उभी राहून छाती चोळतेय आणि मी पाठीवर हात ठेवून उभा, असा तास काढला आम्ही.

मॅडमच्या इथल्या आहाराच्या ताई हसल्या. "काका, मऊ वेगळं आणि चिकट वेगळं. तुमचा साबुदाणा मऊ नाही, डिंक आहे." भारतराव, हे वाक्य मी माझ्या सगळ्या पोरांना, म्हणजे हाताखालच्या आचाऱ्यांना, ऐकवलं. मला इतक्या वर्षांत कुणी माझ्या पदार्थाला डिंक म्हटलं नव्हतं. पण खरं होतं, आणि खरं असलं की मी लगेच उचलतो.

तेव्हापासून घरात एकच नियम: घास सुटा हवा आणि ओला हवा. गोळा होणारं काही नाही. भाकरी चुरून, वरणात पूर्ण बुडवून, थोडा वेळ मुरू द्यायची. तिखट आणि तळलेलं बंद. थोडं थोडं, दिवसातून पुष्कळदा. ताट चौरंगावर, म्हणजे तिला वाकावं लागत नाही आणि घास सरळ उतरतो. बोटं वळत नाहीत म्हणून चमचा, तोही लहान, कारण तोंड फार उघडत नाही. शेवटचं जेवण दिवेलागणीला, आणि मग झोपेपर्यंत आडवं व्हायचं नाही.

वेळ लागतो तिला. माझं जेवण आटोपतं तेव्हा तिचं निम्मं असतं. मी बसून राहतो. आधी मला बसून राहणं जमत नव्हतं, आचाऱ्याला कुठली सवय. आता जमतं. आम्ही बोलतो. कधी कधी ती तुमच्याबद्दल बोलते. तुम्ही लहानपणी मुरमुरे शर्टाच्या खिशात ओतून घ्यायचात आणि खिसा फाटका असायचा, हे मला तिच्याकडून कळलं.

तिचं वजन वाढलंय. गालावर दिसतं. फुगा परवा दुसऱ्यांदा झाला.

रक्षाबंधनाला ती राखी पाठवणार आहे. बांधायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण राखीच्या दोऱ्याची गाठ मारायला तिला या बोटांनी अर्धी दुपार लागलीय.

वाळू


म्हसरूळ
२९ ऑक्टोबर २०२५

भारतराव,

दिशाच्या डोहाळजेवणाची पत्रिका मिळाली. मागे तुमच्या अक्षरात ओळ आहे: "स्वयंपाक दुसऱ्याला दिला आहे. तरी यायचं असेल तर या."

दीड वर्षांनंतर तुमचं अक्षर बघितलं आणि त्यातही टोमणा. छायाला मी ओळ वाचून दाखवली. तिनं पत्रिका माझ्या हातातून घेतली, परत स्वतः वाचली आणि म्हणाली, "या, असं लिहिलंय." तिनं एवढाच शब्द वाचला.

आता माझं ऐका. मला ऑर्डर नको. ज्यानं लग्नात केलं त्यालाच द्या, माझी काही हरकत नाही. मी पाहुणा म्हणून येईन आणि पाहुण्यासारखा बसेन.

पण एक प्रश्न आहे आणि तो मी झाकून ठेवत नाही. पंगत तीच, माणसं तीच. कलाबाई असणार, त्यांच्या जावा असणार. लग्नात जे झालं ते त्या विसरलेल्या नाहीत. दिशानं छायाला फोनवर सांगितलंय, त्या घरी अजून कधी कधी निघतं, "तुझी आत्या आमच्या शेजारून उठून गेली." तुमच्या मुलीला ते ऐकून घ्यावं लागतं. आणि छायाचा घास याही वेळी बसू शकतो. मॅडमनी कागदावर लिहून दिलेलं नाही की बसणार नाही.

मी छायाला म्हटलं, आपण घरून डबा नेऊ. तू आत सासूबाईंच्या खोलीत निवांत जेव. ओटी भरायला बाहेर ये. कुणाला काही कळणार नाही.

ती म्हणाली, "डबा घेऊन माहेरी जाऊ? तुम्ही आचारी आहात का शाळेतलं पोर सोडायला निघालात?"

"आणि अडकला तर?"

"अडकला तर उभी राहीन, चालेन, उतरला की परत बसेन. पण ताटावर परत येईन. तेव्हा मी परत आले नव्हते, तेच चुकलं. लोकांना मी उठलेली दिसले, परत बसलेली दिसले नाही."

तिला त्याच पंगतीत बसायचंय, कलाबाईंच्या शेजारी, आणि तुमच्या घरचं ताट पूर्ण संपवायचंय. बट्टीसकट. मी फक्त एक मागणं मागतो. वरण भरपूर करायला सांगा आणि तिच्या पंगतीला वरण मी वाढेन. आचारी म्हणून नाही, वाढपी म्हणून.

सोळा तारखेला सकाळी निघतो.

वाळू


म्हसरूळ
१८ नोव्हेंबर २०२५

भारत,

घरी सुखरूप पोचलो. छाया झोपलीय. तू तिथे होतास, मग परत काय लिहितोय, असं म्हणशील. तू होतास, पण शेवटचा सगळा वेळ तू खाली मान घालून जेवत होतास. मी उभा होतो, हातात वरणाची बादली होती. मला सगळं दिसलं, तुला दिसलं नाही, म्हणून लिहितो.

ओसरीवर आलो तर पंगत मांडलेली. सगळ्यांना पाट, आणि कलाबाईंच्या शेजारच्या जागेपुढे चौरंग. त्यावर ताट, ताटात लहान चमचा. चौरंगाचं मी या पत्रिकेच्या उत्तरात काही लिहिलं नव्हतं. ते जुलैच्या पत्रात होतं. छायानं चौरंगाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि बसली.

कलाबाईंनी जावेला कोपरानं ढोसलं. "चमच्यानं जेवायची पद्धत आहे वाटतं नाशकात." छाया म्हणाली, "हो ना कलाताई, हात संपावर गेलेत. चमचाच कामाला येतो." आणि तिनं आपली बोटं त्यांच्यासमोर धरली, ताठ, टोकांना फोड आलेली. कलाबाईंनी ती बघितली. मग स्वतःच्या हातातल्या बांगड्या बघितल्या. त्यांना बांगड्या भरतानाचं आठवलं असावं. आपल्या हातानं त्यांनी छायाची बट्टी चुरायला घेतली. "बारीक करू?" एवढंच विचारलं. मी वरण ओतलं. बट्टी पार बुडाली. आम्ही मुरायला वेळ दिला.

वरण त्या आचाऱ्याचं बरं होतं. हिंग जरा वरचढ, पण बरं होतं.

छाया जेवायला लागली. तुला आवाज येत असेल, पंगतीत आधी सगळे बोलतात, मग हळूहळू ताटं रिकामी होत जातात तसा आवाज बदलतो. तो आवाज मी आयुष्यभर ऐकलाय, स्वयंपाकघरातून. त्यावरून मला कळतं की आता पंगत उठणार. परवा तो आवाज आला तेव्हा छायाचं ताट निम्मं होतं.

आणि तेव्हाच तिचा चमचा थांबला. तिनं डावा हात छातीवर ठेवला. मला बादली जड झाली. ती उठून उभी राहिली, आणि आख्खी पंगत तिच्याकडे बघायला लागली, त्या दिवसासारखी. दिशानं फुलांच्या दागिन्यांत मान खाली घातली. कलाबाईंच्या जावेनं पाटावरून उठायला हात टेकला, कारण एक उठली म्हणजे पंगत मोडलीच.

तेव्हा सासूबाई दारातून काय म्हणाल्या ते तू ऐकलंस. "बठा खाले. मनी पोर जेवी ऱ्हायनी."

पोर अजून जेवतेय म्हटल्यावर जाऊ परत बसली. छाया ओसरीच्या टोकापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. मला एकदा मान हलवून खूण केली: उतरला. आणि येऊन चौरंगाशी बसली. ताटावर परत.

आता जे तुला दिसलं नाही ते. यजमान बायकांच्या पंगतीत बसत नाही. तू बाजूला उभा होतास, तुझं जेवण मघाशी पुरुषांच्या पंगतीत झालेलं होतं. मी तुला बट्ट्या खाताना बघितलं होतं, पोट भरून खाल्ल्या होत्यास. तरी तू पाट ओढलास, बहिणीच्या दुसऱ्या बाजूला बसलास, आणि मला म्हणालास, "दाजी, मला वाढा."

दाजी म्हणालास. मी वाढलं.

तू खाली मान घातलीस आणि एवढे एवढे घास घेत, तिच्यासारखेच, खायला लागलास. तुझ्या नाकातून पाणी येत होतं ते बट्टी गरम होती म्हणून, असं मी समजतो. तू वर बघितलं नाहीस. बघितलं असतंस तर तुला दिसलं असतं, कलाबाईंनी माझ्याकडे ताट सरकवलं: "मलाही वरण, थोडं." मग त्यांच्या जावेनं लिंबाची फोड मागितली. तिच्या पलीकडच्या बाईनं भाताचं एक शीत मागितलं आणि ते ताटात फिरवत बसली. कुणाला भूक नव्हती, भारत. सगळ्या ओळीनं काहीतरी मागून घेतलं, म्हणजे ताट रिकामं म्हणून उठावं लागू नये. मी बादली घेऊन या टोकापासून त्या टोकाला वाढत राहिलो. इतक्या पंगती वाढल्या मी, पोट भरलेल्या माणसांना इतकं खूश होऊन कधी वाढलं नव्हतं.

छायानं घाई केली नाही. शेवटची बट्टी संपवली, ताटाच्या कडेचं वरण चमच्यानं गोळा करून तेही प्यायली. ताट इतकं स्वच्छ की मी घासायला देऊ नये. मग चमचा ठेवला, उजवीकडे कलाबाईंकडे बघितलं, डावीकडे तुझ्याकडे बघितलं, आणि सगळ्या पंगतीला म्हणाली,

"उठा आता."

तुझे दाजी,
वाळू